अव्वाचं ‘मूलवागु’

राजन्ना नावाचे कुणी काका आमच्या गावाकडे राहतात आणि त्यांना कोडी फार आवडतात, अशी लहानपणी माझी पक्की समजूत होती. घरात कुणी आजारी पडलं की अव्वा, म्हणजे माझी आजी, हळदीत बुडवलेल्या चिंधीत एक नाणं बांधायची, ती पुरचुंडी आजारी माणसाच्या कपाळाला लावायची आणि राजन्नाला ‘कोडे’ कबूल करायची. आमचं घर तेलुगू. अव्वाचं बाकीचं बोलणं मला कळायचं, पण तो एक शब्द मी मराठी शाळेतून आणलेल्या कानानं ऐकला. कोडे म्हणजे कोडं. १९७२ च्या दुष्काळात नायना, म्हणजे माझे वडील, तापानं अंथरुणाला खिळले होते. मी नऊ वर्षांची होते. त्यांच्या उशाशी बसून मी अवघडातली अवघड कोडी मनात जुळवून ठेवली होती. नायना बरे झाले की अव्वा राजन्नाकाकांकडे जाणार, तेव्हा तिच्याजवळ द्यायची म्हणून.

नायना बरे झाले. अव्वा गेली नाही. दुष्काळात गाडीभाड्याला पैसे कुठले? पुरचुंडी तिच्या पत्र्याच्या पेटीत गेली आणि १९७९ साली अव्वाही गेली. तेव्हा मी सोळा वर्षांची होते. आपलं मूळ गाव कोणतं हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.

आम्ही पद्मसाळी. सोलापूरच्या पूर्व भागात, भद्रावती पेठेच्या एका बोळात आमचं घर होतं. तेलंगणातून विणकर सोलापूरला आले हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. गावाकडे दुष्काळ, सावकार आणि सूत मिळण्याची मारामार. इकडे गिरण्या, हातमाग आणि दर आठवड्याला हातात पडणारा रोख पैसा. पण ‘तेलंगणातून’ हे उत्तर आमच्या घराला कधी पुरलंच नाही. लग्न जमवताना समोरचे विचारायचे, ‘मीदि ए ऊरु?’ तुमचं गाव कोणतं? नायना म्हणायचे, करीमनगरकडचं. आणि विषय बदलायचे. पुढे कळलं, त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांचा जन्म सोलापुरातला, आणि ताता, म्हणजे आजोबा, गावाबद्दल तोंड उघडायचे नाहीत.

२०१७ साली पेपरात बातमी वाचली. तेलंगणा सरकार बतुकम्मा सणाला बायकांना साड्या वाटणार आणि त्या सिरिसिल्ल्याच्या मागांवर विणल्या जाणार. माग म्हटलं की माझे डोळे आपोआप थांबतात. त्या बातमीत जिल्ह्याचं नाव होतं, ‘राजन्ना सिरिसिल्ला’. मी ते तीनदा वाचलं. शेजारच्या चादर कारखान्यातल्या म्हाताऱ्या विणकराला जाऊन विचारलं, हा राजन्ना कोण? तो म्हणाला, “अक्का, राजन्ना म्हणजे वेमुलवाड्याचा राजराजेश्वर. शंकर. त्याला कोडे बांधायचा नवस असतो, कोडे म्हणजे गोऱ्हा.” २०१६ साली नवे जिल्हे पाडले तेव्हा त्या देवाचंच नाव जिल्ह्याला दिलं होतं. मी घरी येऊन बराच वेळ नुसती बसून राहिले. माझा काका देव होता आणि कोडं हे गोऱ्हं होतं. एवढी मोठी खूण माझ्याजवळ पंचेचाळीस वर्षं पडून होती.

शाळेची नोकरी चालू होती तोवर मनात घोळवण्यापलीकडे काही झालं नाही. २०२१ मध्ये निवृत्त झाले आणि दुसऱ्या आठवड्यात दोनशे पानी वही आणली. कागद शोधायला लगेच गेले नाही, आणि ते बरं झालं असं मला आजही वाटतं. आधी आठवतं ते सगळं लिहायचं ठरवलं. कागद एकदा डोळ्यांखालून गेला की आठवण त्याच्या मापानं स्वतःला कापून घेते. पहिले दोन महिने मी फक्त लहानपणचं सोलापूर लिहीत होते.

आमच्या बोळाचा नकाशा जुन्या कॅलेंडरच्या मागे काढला. कुणाचं दार कुठं, नळ कुठं, कोणाच्या घरात किती माग. आमच्या घरात शिरलं की डाव्या हाताला खड्डामाग होता. विणणारा जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचा, त्यामुळे मला आठवतात ते कमरेपासून वरचेच काका. नंतर तो खड्डा बुजवला आणि त्यावर अव्वाचं अंथरूण आलं. पावसाळ्यात तेवढीच फरशी ओल धरायची. नायना चादरीच्या कारखान्यात जकार्डच्या यंत्रमागावर होते. रात्री त्यांच्याशी बोलायचं तर मोठ्यानं बोलावं लागे. बोळातल्या बायका दारात बसून विड्या वळायच्या. मांडीवर सूप, सुपात भिजवून कापलेली पानं, एका कडेला तंबाखू, आणि बोटं अशी चालायची की तोंडाचं बोलणं थांबायचं नाही. अव्वा, आई, थोरली आत्या, तिघीही वळायच्या. हजाराचा हिशोब. हजार विड्या झाल्या की मजुरी, आणि कारखान्यात तपासताना वाईट म्हणून बाजूला पडतील तेवढ्या वजा. विड्यांच्या जुड्या दोऱ्यानं बांधायचं काम आम्हा पोरींकडे होतं. मला पंचवीसचा पाढा शाळेआधी तिथं आला.

आणि भोंगा. आज लोकांना सांगूनही कळत नाही की भोंगा हे शहराचं घड्याळ होतं. लक्ष्मी, विष्णू, नरसिंगगिरजी, जाम, प्रत्येक गिरणीचा आवाज निराळा आणि घरोघरी प्रत्येकाला आपल्या भोंग्याची ओळख. पहाटेचा भोंगा झाला की अव्वा चूल पेटवायची. ताता जाऊन सहा वर्षं झाली होती, घरात गिरणीत जाणारं कुणी उरलं नव्हतं, तरी ती त्याच भोंग्याला उठायची. “ताताची पाळी,” म्हणायची. ताता जुन्या मिलमध्ये साचाखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, होते. मी तीन वर्षांची असताना ते गेले, त्यामुळे त्यांचा चेहरा मला फोटोतलाच माहीत आहे. आठवतो तो त्यांचा पितळी बिल्ला. गोल, मध्ये भोक, त्यावर आकडा. तो दारामागच्या खिळ्याला कायम टांगलेला असे आणि त्याला हात लावला की अव्वा ओरडायची.

तिच्या ओरडण्यातलं एक वाक्य मी वहीत लिहून ठेवलं होतं. मी फार दंगा केला, किंवा नळावर पाणी सांडलं, की ती उदास होऊन काही तरी म्हणायची आणि त्यात ‘मूलवागु’ असा शब्द यायचा. मला वाटायचं, ती मला मराठीतून समजावते आहे. मूल, वाग. पोरी, नीट वाग. तिला मराठी जेमतेम यायचं, म्हणून ते असं तुटकं. वहीत मी त्यापुढे लिहिलं होतं: अव्वाचं मराठी.

मग कागद सुरू झाले.

नायनांच्या शाळेचा निर्गम उतारा सगळ्यात सोपा निघाला. ते नगरपालिकेच्या तेलुगू माध्यमाच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले. उताऱ्यात जन्मठिकाण सोलापूर. आत्याचं विडी कामगाराचं ओळखपत्र आणि फंडाचे कागद: पत्ता सोलापूर. ताताच्या फंडाची एक चिठ्ठी पेटीत मिळाली, तिच्यावर नाव आणि खातेक्रमांक. आडनाव तिन्ही कागदांवर तीन तऱ्हांनी लिहिलेलं. तेलुगू आडनावाच्या शेवटच्या उकाराचं काय करायचं हे प्रत्येक कारकुनानं आपल्या मनानं ठरवलं होतं. गिरणीची हजेरीपुस्तकं कुठं मिळतील म्हणून चार ठिकाणी फिरले. एका कार्यालयात “एवढं जुनं आता काही नाही” म्हणून दारातूनच परत पाठवलं. त्या दिवशी रडू आलं. ज्या माणसानं तीस वर्षं साचे चालवले, त्याचं नाव लिहिलेला एक कागद त्या गिरणीतून मला मिळू नये?

जन्म-मृत्यूच्या नोंदी महापालिकेत मिळतात, पण अर्जात साल लिहावं लागतं. साल कुणाला माहीत होतं? अव्वाला आकडे येत नव्हते. तिचा काळ निराळ्या खुणांनी बांधलेला होता. आत्या ‘मार्शल लॉला मांडीवर होती’. धाकटे काका ‘गिरणीला कुलूप होतं तेव्हा’ झाले. तिचा भाऊ ‘रझाकारांच्या वेळी’ गावाहून पळून आला आणि आमच्याकडे राहिला. ही वाक्यं लहानपणी इतक्यांदा ऐकली होती की ती वहीत सहज उतरली होती. आता मी एकेक वाक्य घेऊन त्याचं साल काढायला बसले.

मार्शल लॉ सोपा होता. सोलापूरच्या शाळेत शिकवलेल्या बाईला ते सांगायला नको. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटलं, गोळीबार झाला, आणि लष्करी कायदा लागू झाला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं. त्या चौघांच्या पुतळ्यांवरून मी तीस वर्षं शाळेत गेले. पण हा इतिहास आमच्या बोळातल्या एका बाळंतिणीचाही आहे, हे डोक्यात आलं नव्हतं. मांडीवर होती म्हणजे तान्ही होती. मी १९२९ आणि १९३० अशा दोन सालांचा शोध मागितला. नोंदवही मोडीत होती. मोडी वाचणारे एक निवृत्त गुरुजी माझ्यासोबत दोन वेळा आले, भिंग घेऊन. फेब्रुवारी १९३० मध्ये सापडलं: मुलगी, नाव नाही, बापाचं नाव ताताचं, जात ‘साळी’, धंदा गिरणी. मुलीचं नाव नाही म्हणून वाईट वाटलं. पण गुरुजींनी तो शब्द बोटानं दाखवला तेव्हा मला त्या मोडी अक्षरात आत्या दिसली, तीन महिन्यांची, संचारबंदीतल्या घरात, दिवा न लावलेल्या खोलीत.

गिरणीच्या कुलपाचं साल सापडलं ते घरातच. भाची कायद्याचं शिकते. मी फोनवर तिला हे सगळं सांगत होते, तर ती मध्येच म्हणाली, “मावशी, शोलापूर मिल केस? ती आम्हाला अभ्यासाला आहे!” शोलापूर मिल म्हणजे ताताची जुनी मिलच. २७ ऑगस्ट १९४९ ला ती बंद पडली. कारभार बिघडला होता. हजारो माणसं एका दिवसात रिकामी झाली. जानेवारी १९५० मध्ये सरकारनं वटहुकूम काढून गिरणी ताब्यात घेतली, एका भागधारकानं त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, आणि डिसेंबर १९५० मध्ये न्यायालयानं सरकारचं म्हणणं उचलून धरलं. राज्यघटना लागू होऊन वर्षही झालं नव्हतं. मूलभूत हक्कांवरच्या अगदी सुरुवातीच्या मोठ्या खटल्यांत तो मोजतात. भाची समानतेच्या कलमाबद्दल उत्साहानं बोलत राहिली. मला मात्र अव्वाचं दुसरं वाक्य ऐकू येत होतं: “कुलपाच्या दिवसांत मी तुझ्या काकाला गंजीवर वाढवला.” गंजी म्हणजे भाताची पेज. खड्डामाग घरात कधी आला हेही तेव्हाच लक्षात आलं. गिरणी बंद पडली म्हणून ताता पुन्हा खड्ड्यात उतरले होते. काकांची नोंद नोव्हेंबर १९४९ ची निघाली.

अशी पंधरा-सोळा वाक्यं मी सालाला बांधली. पण सगळ्या सालांचं गाव एकच. सोलापूर, सोलापूर, सोलापूर. कागदाच्या लेखी आम्ही जुन्या मिलच्या दारातच जन्मलो होतो. शेठ मोरारजी गोकुळदासांची ती गिरणी १८७७ च्या सुमाराला सुरू झाली. मुरारजी पेठेला त्यांचंच नाव आहे. त्याच सुमाराला दख्खनेत मोठा दुष्काळ पडला होता. म्हणजे पोट भरायला निघालेल्यांसाठी तेव्हापासून इथं एक चिमणी धूर काढत उभी होती. पण ताता कोणत्या गावातून तिच्याकडे चालत आले, हे कुठल्याच कागदावर नव्हतं. कारण ते गाव निजामाच्या मुलखात, आमच्याकडच्या भाषेत मोगलाईत. हद्द ओलांडली की इकडची वही तिकडचं काही विचारत नव्हती.

तेव्हा परत वहीकडे आले. वेमुलवाडा तर ठरलं होतं. मी भाच्याला म्हटलं, मोबाईलवर मला ते गाव दाखव. त्यानं नकाशा मोठा केला. देऊळ, तळं, आणि गावाला लागून जाणारी एक निळी रेघ. “हे काय लिहिलंय रे?” म्हणून मी विचारलं. त्यानं अक्षरं जुळवत वाचलं, “मूल...वागु.”

वागु म्हणजे ओढा, लहान नदी. हे मला माहीत होतं. तेलुगू इतकं मला येतं. पण अव्वाच्या तोंडून आलेला तो शब्द मी तेलुगू म्हणून ऐकलाच नव्हता. ती मला ‘नीट वाग’ म्हणत नव्हती. नळावर पाणी सांडलं की तिला तिची नदी आठवत होती.

इथं मला एक गोष्ट लिहिलीच पाहिजे. तिसरीत असताना वर्गात सांगितलं गेलं की घरी तेलुगू बोलता म्हणून तुमचं मराठी कच्चं राहतं, आजपासून घरीही मराठीच बोलायचं. मी आज्ञाधारक मुलगी होते. त्या दिवसापासून अव्वा तेलुगूत बोलायची आणि मी मराठीत उत्तर द्यायची. ती काही म्हणाली नाही. हळूहळू ती माझ्याशी कमी बोलायला लागली, एवढंच. पुढे मी मराठीच शिकवलं, मराठीवर जीव लावला, आणि माझा पगार, मान, पुस्तकं सगळं या भाषेनं दिलं. पण अव्वाच्या शब्दांना मराठी अर्थ चिकटत गेले ते तेव्हापासून. आठवणी माझ्याजवळ होत्या. गेला होता तो कान. भाच्याच्या मोबाईलवर ती निळी रेघ बघताना मी त्याच्यादेखत मोठ्यानं रडले, आणि त्याला काय झालं हे सांगायला तासभर लागला.

मूलवागु वेमुलवाड्यावरून पुढे मानेर नदीला मिळते. म्हणजे गाव त्या काठावरचं. पण काठावर गावं पुष्कळ. इथं कॅलेंडरच्या मागचा नकाशा कामाला आला. आमच्या बोळात उजव्या हाताची चार घरं आणि डाव्या हाताची दोन, यांच्यात संक्रांतीला सकिनालूंची देवघेव व्हायची. तांदळाच्या पिठात तीळ-ओवा घालून, स्वच्छ धोतरावर बोटांनी वेटोळी काढून तळतात तो पदार्थ. बाकीच्या घरांत ताट जायचं नाही. लहानपणी मला वाटायचं, ही भांडणं असतील. आता वाटलं, ही सहा घरं एकाच बाजूची तर नसतील? विणकर एकेकटे आले नाहीत. एक आला, त्यानं मेव्हण्याला आणलं, मेव्हण्यानं शेजाऱ्याला. बोळात जागा मिळायची तीही ओळखीनंच.

सहांपैकी एका घरातली सून अजून आहे. ती आता कुंभारीच्या विडी कामगारांच्या घरकुलात मुलाकडे राहते. नव्वदीच्या जवळ, दिसत जवळजवळ नाही, पण बोटं मांडीवर अजून विडी वळल्यासारखी हलत राहतात. मी तिच्याशी तेलुगूत बोलले. मोडकंतोडकं, दर तिसऱ्या शब्दाला अडखळत. तिनं माझा हात हातात घेऊन विचारलं, “पुरचुंडीवालीची नात ना तू?” मी म्हटलं, हो. आणि ज्या प्रश्नासाठी मी दीड वर्ष हिंडत होते तो विचारला. तिनं क्षणाचाही विचार न करता गावाचं नाव सांगितलं, शेवटी ‘पल्ली’ असलेलं. जणू मी तिला आजचा वार विचारला होता. तिची सासू आणि माझी अव्वा एकाच बैलगाडीतून निघाल्या होत्या. पुढे रेल्वेनं वाडीला आल्या, तिथं गाडी बदलली, आणि सोलापूरच्या स्टेशनात उतरल्यावर अव्वानं पहिल्यांदा भोंगा ऐकला. ती इतकी घाबरली की डोक्यावरचं गाठोडं टाकून तिनं कान झाकले. हे अव्वानं मला कधीच सांगितलं नव्हतं.

मग म्हातारी म्हणाली, “पण पोरी, आता जाऊन काय बघशील? ते तर पाण्यात गेलं.”

मानेरवर मिड मानेर म्हणून धरण झालं आहे. त्याच्या पाण्याखाली त्या भागातली बरीच गावं गेली. अव्वाचंही गेलं. मी २०१७ सालीच धावत सुटले असते तर निदान भिंती बघितल्या असत्या, हा विचार अजून मला झोपू देत नाही.

तरी आम्ही गेलो, मी आणि भाचा, जानेवारी २०२३ मध्ये. सोलापूरहून सिकंदराबाद, तिथून बसनं वेमुलवाडा. उठवलेल्या गावाच्या लोकांना वसाहत बांधून दिली आहे: सरळ रस्ते, एकसारखे प्लॉट, नवी कोवळी झाडं. झाडाखाली दोन म्हातारे बसले होते. मी माझ्या मोडक्या तेलुगूत सांगितलं, सोलापूरहून आले, माझे आजोबा या गावचे, विणकर. त्यातला एक जण उठून उभाच राहिला आणि शेजारच्या दाराकडे तोंड करून ओरडला, “शोलापूरोल्लु!” सोलापूरवाले आलेत.

आमच्या घराचं तिथं तेच नाव होतं. गाव पाण्याखाली गेलं, घर पडून त्याआधीच किती तरी वर्षं झाली होती, पण ती जागा शेवटपर्यंत ‘शोलापूरोल्लांची’ म्हणूनच ओळखली गेली. गावातले कुणी भिवंडीला गेले, कुणी मुंबईला, त्यांचीही अशीच नावं पडली आहेत. सोलापुरात आम्ही करीमनगरकडचे आणि इथं सोलापूरचे! त्या म्हाताऱ्याला ताता माहीत असणं शक्यच नव्हतं, पण ताताचे धाकटे चुलतभाऊ त्यानं पाहिले होते. घरात दोन मग्गम होते, दोन माग, एवढं त्याला आठवत होतं. आणि ताताच्या वडिलांचं नाव त्यानं सांगितलं. भाचा माझ्याकडे बघायला लागला. ते त्याच्या वडिलांचं नाव होतं. माझ्या थोरल्या भावाचं. भावाला ते नाव का ठेवलं हे घरात कुणालाच माहीत नव्हतं; अव्वानं ठेवलं म्हणून ठेवलं. गावाबद्दल चकार शब्द न काढता ताता-अव्वांनी पणजोबांना आमच्या घरात आणून ठेवलं होतं, आणि आम्ही रोज त्यांना जेवायला हाक मारत होतो.

पाण्याच्या काठाशी गेलो. भाच्यानं फोटो काढले. वारा होता, पाणी फार मोठं होतं, आणि त्यात गाव नेमकं कुठं हे दाखवताना दोघा म्हाताऱ्यांची बोटं वेगवेगळ्या दिशांना गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे वेमुलवाड्याच्या देवळात रांगेत उभी राहिले. आवारातच एक दर्गा आहे. लोक देवाला जातात तसे तिथंही थांबतात. कोडे बांधण्याची पावती फाडली. संकल्पाला गोत्र विचारलं ते सांगितलं, गाव विचारलं तेव्हा ‘पल्ली’वालं नाव सांगितलं. पुजाऱ्यानं ते नेहमीच्यासारखंच उच्चारलं. मग माझ्या हातात दोरी आली. तांबूस गोऱ्हा होता, ओल्या नाकाचा. तो पहिल्या कोपऱ्यापर्यंत नीट चालला आणि मग थांबला. मी त्याच्या मानेवर हात ठेवला आणि अव्वा आम्हाला म्हणायची तसं “पद, पद” म्हटलं. चल, चल. तो चालला. प्रदक्षिणा झाल्यावर त्याला खुंट्याला बांधला.

अव्वाच्या पेटीतली पुरचुंडी मी सोबत आणली होती. हळदीचा रंग जाऊन चिंधी मातकट झाली होती आणि गाठ इतकी घट्ट होती की ती सोडवायला दात लावावे लागले. आत दहा पैशांचं नाणं निघालं. ते हुंडीत, म्हणजे देवळाच्या दानपेटीत, टाकलं. चिंधी घडी करून पर्समध्ये ठेवली, आणि बाहेर येऊन नायनांना फोन लावला. ते सत्त्याऐंशी वर्षांचे आहेत, त्यांना कमी ऐकू येतं, यंत्रमागावर कान गेले. मी मोठ्यानं, तेलुगूत सांगितलं, “नायना, राजन्नाचं कोडे बांधलं.” पलीकडे बराच वेळ शांत होतं. मग त्यांनी विचारलं, “वागुला पाणी आहे का?”